काकूने बसवलेलं कपाट

कुणाच्याही घरात शिरली की काकू आधी कड्या बघायची. चहापाणी नंतर. गॅलरीचं दार नीट लागतं का, फिनेलची बाटली कुठे ठेवली आहे, गॅसचं बटण लहान मुलांच्या हाताला येतं का, हे सगळं ती चपला काढता काढता पाहून घ्यायची. दुबईत अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती आली की आई म्हणायची, "या, इन्स्पेक्टरबाई!"

काका अल ऐनजवळच्या एका खजुराच्या मळ्यावर मॅनेजर होता आणि दोघं तिथेच राहायची. माझ्या बहुतेक सुट्ट्या मळ्यावर गेल्या, कारण काकू मला बोलायला लावत नसे. बाकी सगळे "अगं, काहीतरी बोल ना" म्हणून मागे लागायचे. ती माझ्या हातात लसूण सोलायला द्यायची आणि दोघींच्या वाट्याचं एकटीच बोलायची.

मळ्याच्या मालकांना सगळे बाबा म्हणत. सत्तरी ओलांडलेले इमिराती गृहस्थ, हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. पत्नी गेल्यापासून ते मळ्यातल्या बंगल्यात एकटेच झोपत; मुलं-नातवंडं शुक्रवारी यायची. एकदा कुणीतरी मागचं कुंपण कापून आत शिरलं, तेव्हापासून त्यांची परवान्याची दुनळी बंदूक पलंगाशेजारी भिंतीला टेकून उभी असायची. भरलेली.

काकाच्या तोंडून हे कळलं तेव्हा काकू पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच बंगल्यावर गेली.

"बाबा, ये नहीं चलेगा."

"चोर आएगा तो क्या बोलूँ? ठहर भाई, चाबी ढूँढता हूँ?"

"चोर कभी एक बार आएगा. बच्चे हर जुम्मे को आते हैं."

काकूच्या कोकणातल्या माहेरी वानर-डुकरं हाकलायला बंदूक होती. लहानपणी तिच्या धाकट्या भावाने खेळता खेळता त्या बंदुकीचा बार काढला. छपराची कौलं उडाली, भाऊ वाचला. तो स्वतः ती गोष्ट अजून हसत सांगतो. काकूला मी त्यावर हसताना कधी पाहिलं नाही.

बाबा म्हणाले, "इन्शाल्ला, अगले हफ्ते कुछ करेंगे."

"इन्शाल्ला तो है ही, बाबा. पर बोल्ट भी चाहिए."

त्याच आठवड्यात बाबांच्या उशाशी एक उंच, अरुंद पोलादी कपाट भिंतीत बोल्ट मारून बसलं. त्याला अंधारात चाचपून उघडता येईल असं बटणांचं कुलूप होतं. बंदूक आत, रिकामी. काडतुसं पलंगापाशी छोट्या पेटीत, वेगळ्या कुलपात, आणि तिची किल्ली बाबांच्या अंगावर. मग काकूने सराव सुरू केला. काका आत जाऊन दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करायचा, बाबा डोळे मिटून पलंगावर पडायचे आणि दाराबाहेर काकू फोनवर वेळ लावायची.

"यल्ला, बाबा!"

आतून खुडबुड, मग अरबीत पुटपुट.

"चोर चाय पीके गया, बाबा!"

बाबा हट्टाने पुन्हा पडायचे. महिनाभरात हात इतका बसला की ते पाहुण्यांनाही करून दाखवायला निघाले. काकूने तेवढं होऊ दिलं नाही.

एक गोष्ट मात्र तिच्याही नजरेतून सुटली. बाबांच्या गाडीचा नंबर चार आकडी होता आणि त्यांना त्याचा भारी अभिमान. त्यांच्या फोनचे शेवटचे आकडे तेच, फाटकाचं कुलूपही त्याच आकड्यांवर उघडायचं. नातवंडं तो नंबर गाण्यासारखा म्हणत.

एका शुक्रवारी काकूने मला मुलांना जेवायला बोलवायला पाठवलं. बाबांच्या खोलीत त्यांची पाच वर्षांची नात शम्मा कपाटासमोर उभी होती. गुणगुणत तिने चार बटणं दाबली. खट्ट आवाज झाला आणि दार उघडलं. मी धावले, तिला बाजूला केलं, दाराला पाठ लावून उभी राहिले आणि ओरडले, "काकूऽऽ!"

सगळा बंगला धावत आला. शम्मा मोठ्या ऐटीत म्हणाली, "It's Baba's car number!"

बाबा मटकन पलंगावर बसले. बंदूक रिकामी होती, काडतुसं कुलपात होती, आणि तरी त्यांनी शम्माला ओढून घट्ट जवळ घेतलं. काकू त्यांना रागावली नाही. एवढंच म्हणाली, "नंबर अच्छा है, बाबा. पर पूरा अल ऐन जानता है."

त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, काकूलासुद्धा, आणि एकट्याने नवा नंबर लावला. तो आजवर कुणालाही माहीत नाही. परतताना काकू मला म्हणाली, "एवढा आवाज होता होय गं तुझ्यात? मला वाटलं, पार विसरलीस."

काका रिटायर झाला आणि गेल्या वर्षी दोघं गावी गेली. निघताना बाबांनी खजुराचे इतके डबे दिले की निम्मे आमच्या घरी राहिले. मळ्यावर मी अजून अधूनमधून जाते. आता मीही चपला काढता काढता कड्या बघते, आणि काही खटकलं तर बोलते.

शुक्रवारी दुपारी नातवंडांच्या गाड्या फाटकाशी येऊन थांबतात. बाबा आधी काकूला व्हिडिओ कॉल लावतात, फोन कपाटापुढे धरतात आणि मूठ ओढून दाखवतात. दार हलत नाही. पलीकडे काकू चष्मा सावरून नीट बघते.

"हां बाबा," ती म्हणते, "अब आने दो बच्चों को."