सावळारामचा पहिला नंबर

ओतूरच्या जीप स्टँडवर सावळारामला कुणी सावळाराम म्हणत नसे. ‘पहिला नंबर आला का?’, ‘पहिल्या नंबरला चहा सांग,’ असंच चालायचं. जुन्नरकडं जाणाऱ्या जीपा तिथं नंबरानं सुटायच्या आणि सकाळचा पहिला नंबर सावळारामचा. कारण साधं होतं. शहाऐंशी साली सरकारी लिलावातली पेट्रोल जीप आणून त्या जागेवर पहिल्यांदा ‘जुन्नर, जुन्नर’ ओरडला तो हाच. बाकीचे मागून आले. पहिल्या खेपेला कचेरीतले बाबू, कॉलेजची पोरं आणि कोर्टाच्या तारखेला निघालेले भाऊबंद असा तालेवार माल असायचा. भाऊबंद कोर्टात एकमेकांच्या उरावर आणि जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर.

मी त्याचा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक बांध आणि बांधावर एक शेवगा. शेंगा कुणाच्या यावर आमचं अधूनमधून वाजतं, पण ते राहू द्या.

जीप घ्यायच्या आधी सावळाराम ट्रकवर क्लीनर होता, मग एका बागाइतदाराचा ड्रायव्हर. स्वतःच्या हळदीच्या दिवशीसुद्धा मालकाचा ट्रॅक्टर ढकलायला गेला होता, आणि परत आला तेव्हा हळद कुठली आणि ग्रीस कुठलं ते कळत नव्हतं, असं धोंडाबाई, त्याची बायको, आजही सांगते. स्वतःची गाडी आली आणि माणूस बदलला. टोपीला इस्त्री आली. चालताना हात मागं बांधायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्यासाठी थांबत होते, ते त्याच्या अंगी लागलं.

सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत त्या जीपचं इंजिन पार खचलं. गावात जीप शिरायच्या आधी धूर शिरायचा. पेट्रोल प्यायची ते प्यायची, वर ऑइलही ढोसायची. मागच्या बाकावरचा मास्तर जुन्नरला उतरला की भट्टीतून काढल्यासारखा दिसायचा.

‘सावळारामभाऊ, तुमच्या जीपपायी आमच्या घरात एक डास राहिला न्हाई,’ मी म्हणायचो.

‘मग फवारणीचं काय देता, बोला!’ तो म्हणायचा. तेव्हा अजून बोलायचा.

शेवटी एकदा खिंडीत प्रवाशांनी उतरून जीप ढकलली आणि सावळाराम ती ओतूरच्या भागू मिस्त्रीकडं घेऊन गेला. गोरख, त्याचा एकुलता एक मुलगा, बरोबर होता. फुकटचा तमाशा म्हणून मीही गेलो. भागूनं बॉनेट उघडलं, इंजिनाला कान लावला आणि वैद्यासारखे डोळे मिटले. उगीच. तो खडखडाट पलीकडच्या आळीत ऐकू जात होता.

‘दोन वाटा हायेत,’ भागू तंबाखू थुंकून म्हणाला. ‘एक, हेच इंजिन खोलू. बोअर मारू, पिस्टन-रिंगा नव्या घालू. पर हे दोनदा झालंय. आतून लई पातळ झालंय ते. दुसरी वाट म्हंजे हे भंगारात द्या आन डिझेल इंजिन बसवा.’

‘डिझेलच बसवू, आबा,’ गोरख म्हणाला. ‘सगळा स्टँड डिझेलवर गेला. आपुनच राहिलोय धूर काढत.’

सावळारामनं मुलाकडं बघितलंही नाही. ‘दिस किती लागत्याल?’

‘बोअरला आठवडा. डिझेलला म्हैना तरी धरा. इंजिन हुडकायचं, पाया बदलायचा, गिअरबॉक्स जुळवायचा.’

‘मग बोअर मार.’

त्याचं खरं दुखणं इंजिनात नव्हतं, स्टँडवर होतं. तिथला नियम असा, की लागोपाठ दोन आठवडी बाजार जी गाडी स्टँडवर दिसली नाही, तिचा नंबर शेवटी. हा नियम सावळारामनंच केलेला. कांद्याच्या हंगामात एक जण जीप घेऊन मालाच्या भाड्याला जायचा आणि हंगाम सरला की येऊन नंबर मागायचा, त्याला हुसकायला. आता आठवड्याच्या कामात एकच बाजार चुकत होता. महिन्याच्या कामात नंबरच जात होता.

‘जाऊंद्या ना नंबर,’ गोरख म्हणाला. ‘मागचा घिऊ. गाडी तर धा वर्सं पळंल.’

‘मागचा तू घे. मी मेल्यावर.’

‘तिथंबी पयलाच नंबर लावताय व्हय?’ मी म्हटलं. भागू हसला. ते दोघं हसले नाहीत.

आठवड्यानं जीप तयार झाली. काय गोड आवाज! धूर औषधालाही नाही. भागूनं किल्ली हातात देताना बजावलं, ‘नव्या नवरीवानी सांभाळा, भाऊ. पिस्टन-रिंगा घासून बसूंद्या. थोडं दिस आठ माणसाच्या वर घ्यायचं न्हाई. चढाला तर लई सावकाश.’

सावळारामनं मान हलवली. मनापासून हलवली, मी बघितली.

पण आमच्याकडं रीत आहे, की दारात नवी गाडी आली की पहिली खेप देवाची. आणि नवं इंजिन म्हणजे नवी गाडीच, असा निकाल भावकीनं परस्पर देऊन टाकला. बाजाराच्या आदल्या दिवशी डोंगरावरच्या भैरोबाला जायचं ठरलं. सावळारामनं आठ माणसं बोटावर मोजून सांगितली होती. सकाळी दारात बघतो तर भावकी घागरी, पातेली आणि बोकडासकट हजर. आठ माणसं तर नुसत्या मागच्या फळीवर उभी होती.

‘चुलते, तू दुसऱ्या खेपेला ये,’ सावळाराम सखूबाईला म्हणाला. ही त्याची थोरली चुलती.

‘पयली खेप देवाची, मंग दुसरी कुनाची रं?’ सखूबाई कडाडली. ‘तुझ्या लग्नात हळद म्या दळली. तवा म्या म्हनाले व्हय, की आठच मानसांची दळते?’

आमच्या भागात माणूस भावकीशी कोर्टात भांडेल, बांधावर कुऱ्हाड काढेल, पण देवाला निघालेल्या गाडीतून चुलतीला उतरवणार नाही. सखूबाई बसली. मग तिच्यामागं कुणाला उतरवता येईना.

गोरख बॉनेटला हात टेकून आडवा उभा राहिला. ‘आबा, निम्मी मान्सं उतरवा. मी ट्रॅक्टरनं आणतो त्यांना.’

‘नाट लावू नको. बाजूला हो.’

‘मिस्त्री, तुमी तरी बोला!’

भागू मिस्त्री पुढच्या सीटवर बसला होता. त्याचा टॉवेल-टोपी देऊन नुकताच सत्कार झाला होता. नवी कडक टोपी, कपाळाला गुलाल. त्यानं समोरच्या काचेतून डोंगराकडं बघितलं आणि म्हणाला, ‘देव हाय की.’

गोरख बाजूला झाला. गाडीत मात्र बसला नाही.

मी लुनावर मागून निघालो. सपाटीला जीपनं बरं तोंड दिलं. चढ लागला तसा तिचा सूर चिरका होत गेला. पोरं टाळ्या पिटत होती, बोकड ओरडत होता, सखूबाई भैरोबाचं गाणं म्हणत होती. वळणावर एकदम लोखंड किंचाळल्यासारखं झालं, खालून दणका बसला आणि जीप थांबली. काळं तेल रस्त्यावरून माझ्या लुनाच्या चाकापर्यंत वाहत आलं.

भागू खाली वाकला. ‘रॉड ब्लॉक फोडून भायेर आलाय,’ म्हणाला. ‘आता हे कायबी व्हायचं न्हाई.’

‘तू बोलला का न्हाईस?’ सावळारामनं विचारलं. आवाज चढवला नाही.

भागूनं नवी टोपी काढली, हातात फिरवली. ‘एवढा मान केल्यावर कसं बोलायचं, भाऊ?’

मंडळी पायी वर गेली. आणलेला बोकड परत न्यायचा नसतो. रस्सा झकास झाला होता, तसं सगळे म्हणालेसुद्धा. ‘गाडीवर आलेलं मान्सांवरनं टळलं,’ सखूबाईनं हाडूक चोखत निकाल दिला. सावळाराम खाली जीपपाशीच बसून होता. धोंडाबाईनं त्याच्यासाठी झाकून नेलेलं ताट तसंच परत आलं.

दुसऱ्या दिवशी बाजार, आणि एक बाजार इंजिनाच्या कामात आधीच चुकलेला. रात्रीच ट्रॅक्टरनं ओढून आणलेली जीप दाराशी मेलेली. सावळाराम इस्त्रीची टोपी घालून उजाडायच्या आत स्टँडवर गेला आणि पहिल्या नंबरच्या जागेवर स्वतः उभा राहिला.

‘गाडी न्हाई, पर मी हाय,’ म्हणाला. ‘म्हैन्यात डिझेल बसवून आणतो. तवर ही जागा सोडा.’

त्याच्या खिशातून अकरा वर्षं चहा प्यालेले ड्रायव्हर एकमेकांची तोंडं बघायला लागले. एक जण म्हणाला, ‘भाऊ, नियम तुमचाच. आमी काय मोडायचा?’ दुसऱ्यानं तर हसून विचारलं, ‘पावणं, तुमच्यात किती शीट बसतात?’ असले विनोद एरवी मी करतो. त्या दिवशी मला ऐकवला नाही.

पहिला गेला की दुसरा पुढं सरकतो. दुसऱ्या नंबरची नवी डिझेल जीप एका टोमॅटोच्या आडत्याची. आडत्या स्वतः चालवत नसे, पगारी ड्रायव्हर ठेवायचा. ती भरलेली जीप वळून आली आणि सावळारामच्या पुढ्यात थांबली. आडत्या शेजारी बसला होता. स्टेअरिंगवर गोरख.

बापलेकांनी काचेतून एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, पोरगं उतरेल. त्यानं हॉर्न दिला. सावळाराम हलला नाही. आडत्या काहीतरी पुटपुटला. गोरखनं पुन्हा हॉर्न दिला आणि या वेळी बोट उचललं नाही, सावळाराम बाजूला होईपर्यंत. जीप त्या जागेवर उभी राहिली, आणखी दोन प्रवासी कोंबले आणि जुन्नरकडं निघून गेली.

‘बापाला हॉर्न मारलास, गोऱ्या,’ मी नंतर त्याला म्हटलं.

‘कालच्याला काम मागून आलो व्हतो, काका. घर कशावर चालवायचं? मालक म्हनला, घे पुढं. आन मी दारात आडवा हून सांगितलं, तवा ऐकलं का त्यांनी?’ एवढं बोलून तो तोंड फिरवून उभा राहिला.

डिझेल इंजिन काही बसलं नाही. नंबर गेल्यावर कुणासाठी बसवायचं, असं सावळारामचं म्हणणं. सांगाडा भंगारवाला घेऊन गेला. या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. बापलेक एकाच घरात राहतात. धोंडाबाई अंधारात उठून अजूनही पहिल्या नंबरची भाकरी बांधते, गोरखची. सावळारामला हल्ली छातीच्या दुखण्यासाठी जुन्नरच्या डॉक्टरकडं जावं लागतं. तो स्टँडवर येतो, पारावर बसतो. गोरखची जीप समोर उभी असते. कधी तिच्यात पुढची जागा रिकामी असते, आणि गोरख मुद्दाम थोडा जास्तच वेळ थांबतो, हेही मी बघितलंय. सावळाराम रस्त्याकडं बघत राहतो. ती गेली की उठतो आणि दुसऱ्या नंबरच्या जीपमध्ये मागं, फळीवर जाऊन बसतो.