डिस्क चांगली होती

आमच्या गल्लीत कुणी संगणकाचं काही विकत घ्यायला निघालं, की एखादा तरी आजही म्हणतो, "त्या शाहूपुरीतल्या दुकानात नको. माल डुप्लिकेट असतोय. सरांच्या घरात काय झालं ठाऊक हाय न्हवं?" ते सर म्हणजे मी. ते दुकान माझ्या मित्राचं. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, त्याच्या घरच्या ईदला मी आणि आमच्या घरच्या दिवाळीला तो, असं सगळं आयुष्य गेलं. त्याने मला विकलेली डिस्क चांगली होती. एवढं एक वाक्य मी गल्लीत कधीच बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे.

बायकोच्या घशाचा आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, ऑपरेशननंतर बोलता येणार नाही. ती शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, "मग आधीच बोलून ठेवते."

ऑपरेशनचा दिवस येईपर्यंत रोज दुपारी ती बाहेरच्या सोप्यात संगणकापुढे माईक घेऊन बसायची. मला वाटलं होतं, नातवंडांसाठी गोष्टी सांगेल, काही निरोपाचं बोलेल. तिने रोजची वाक्यं बोलून ठेवली. "चहा टाकू?" "दार ओढून घ्या." "कुठं निघालासा न सांगता?" "रंकाळ्यावर जाऊन येऊया का?" "मीठ कमी पडलंय, मला ठाऊक हाय, बोलू नका." प्रत्येक वाक्याची वेगळी फाईल, आणि फाईलला नाव त्याच वाक्याचं. वर्गात तिने जन्मभर शुद्ध बोलायला शिकवलं, पण माईकपुढे तिचा माहेरचा चंदगडी हेल तसाच राहिला. मी एकदा म्हणालो, नीट बोल की जरा. त्यावर ती म्हणाली, "मी मेल्यावर ऐकायचं न्हाय हे. मी घरात असताना ऐकायचं हाय."

एक वाक्य माझ्या मित्रासाठी होतं. "या भावजी, चपला आत काढा, कुत्रं न्हेतंय." गल्लीतल्या कुत्र्याने एकदा त्याची नवी कोरी चप्पल खरंच पळवली होती आणि तो एका चपलेवर शाहूपुरीपर्यंत गेला होता. तेव्हापासून तो दारात आला की ती हेच म्हणायची.

ऑपरेशन झालं. ती घरी आली आणि संगणकापुढे जाऊन बसली. बटण दाबलं, आणि सोप्यातून आवाज आला, "चहा टाकू?" मी स्वयंपाकघरात होतो. हातातलं भांडं तसंच धरून उभा राहिलो. जे वाक्य आधी बोलून ठेवलं नव्हतं ते ती पाटीवर लिहायची, बाकी घर तिच्याच आवाजात चालायचं. मित्र पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा तिने त्याचं वाक्य वाजवलं. तो उंबऱ्यातच थांबला. डोळे पुसून म्हणाला, "वहिनी, त्या कुत्र्याला अजून माफ केलं न्हाय व्हय?" ती खांदे हलवून हसली. हसण्याची फाईल मात्र तिने केलेली नव्हती.

हे सगळं जपण्याची व्यवस्था माझी होती. मी एका तंत्रशिक्षणाच्या संस्थेत संगणक शिकवायचो. वरच्या खोलीत एक जुना संगणक होता, त्यात मित्राकडून घेतलेली मोठी डिस्क बसवली होती, आणि जिन्याच्या कडेने वायर ओढून तो खालच्या संगणकाला जोडला होता. दर रविवारी मी वर जाऊन आरसिंक या फाईल्सची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमची एक ओळ चालवायचो. खालच्या फोल्डरची हुबेहूब नक्कल वर येई. ती हुबेहूब राहावी म्हणून ओळीत एक सूचना जास्तीची घातली होती: जे खाली नाही, ते वरूनही काढून टाक. ओळ दर वेळी टाइप करावी लागत नसे. वरच्या बाणाची कळ दाबली की आधीची ओळ परत येते, मग नुसतं एंटर. मुलांना मात्र मी वर्गात बजावायचो, "आधी कुठून ते बघा, मग कुठं ते बघा, मग एंटर."

खालचा संगणक पुढे फार संथ झाला. बटण दाबल्यावर आवाज उशिरा यायचा. तिने पाटीवर लिहिलं, "मी चहा टाकू विचारते, तोवर तुमचा पिऊन झालेला असतो." मी म्हटलं, उद्या नवाकोरा करून देतो. वर शेवटची नक्कल घेतली, दोन-चार वाक्यं वाजवून पाहिली. मग खालचा संगणक पुसून त्यावर ऑपरेटिंग सिस्टिमपासून सगळं नव्याने घातलं, त्याच नावाचं रिकामं फोल्डर केलं, आणि फाईल्स परत खाली आणायला वर गेलो.

खुर्चीत बसलो. बाणाची कळ दाबली. एंटर दाबलं.

ती ओळ नेहमीची होती. खालून वर. खाली काहीच नव्हतं.

पडद्यावर ओळी पळू लागल्या. प्रत्येक ओळीत, पुसलं या अर्थाचा एक शब्द आणि त्यापुढे तिचं एक वाक्य. दार ओढून घ्या. कुठं निघालासा. मीठ कमी पडलंय. मी थांबवायची कळ शोधेपर्यंत ओळी थांबल्यासुद्धा होत्या.

खाली ती वाट बघत होती. मी जिना उतरलो आणि म्हणालो, "वरची डिस्क गेली."

तिने पाटी घेतली. लिहिलं, "कशी?" मी म्हणालो, "खराब निघाली." तिने लिहिलं, "भावजींकडची ना?" मी मान हलवली. दोष त्याच्या माथी मारावा असं मी ठरवलं नव्हतं. पण मान हलली, आणि नंतर ती मला परत घेता आली नाही.

डिस्क त्याच्याकडे बदलून मागायला नेणं भाग होतं, नाहीतर तिला शंका आली असती. नुसती रिकामी नेली, तर फाईल्स कुणीतरी पुसल्यात हे त्याला एका नजरेत कळलं असतं. म्हणून मी त्या डिस्कवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहिली. मग दुकानात नेऊन म्हणालो, "गेली ही." त्याने काही न विचारता दुसरी दिली.

पुढे तो घरी आला तेव्हा तिने पाटी उचलून त्याच्यासमोर धरली. "तुम्ही येऊ नका." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्राची घडी घालत होतो. तो गेला. गल्लीत बोलणं पसरलं, आणि मी कुणालाही अडवलं नाही.

ती त्यानंतर बरीच जगली, पण पाटीवर कामापुरतंच लिहायची. ती गेली त्या दिवशी मित्र आला होता. आत आला नाही. समोरच्या घराच्या भिंतीशी टोपी हातात धरून उभा होता.

गेल्या महिन्यात मी त्याच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. तो हातातला स्क्रू डबीत ठेवत राहिला.

"मला म्हाईत हुतं," तो म्हणाला. "त्याच दिवशी जोडून बघितली की. आपोआप मेलेल्या डिस्कवर अशी एकसारखी शून्यं असत्यात व्हय? ती माणसानं लिहिलेली असत्यात."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? वहिनींचा आवाज गेलेला. त्यात नवऱ्यावरचा विश्वासबी घालवू?" मग त्याने मान वर केली. "एक सांग. पुसलेली फाईल लगेच जात न्हाय, वर दुसरं काय लिहीपर्यंत तिथंच असतीया, हे तुला म्हाईत नव्हतं? तशीच आणली असतीस तर मी काढून दिली असती. सगळी नसती, निम्मी तरी. रोज तेच काम करतोय मी हितं."

माहीत होतं. मी ते वर्गात शिकवायचो. पण डिस्क तशीच नेली असती तर काय झालं ते त्याला सांगावं लागलं असतं, आणि त्याच्याकडून तिला कळलं असतं. एंटर दाबल्यानंतरही तिचा आवाज त्या डिस्कवर होता. तो मी नंतर, विचार करून, पुसला.

हे मी त्याला म्हणालो. गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने "थोड्या वेळानं या पावणं" म्हणून परत धाडलं.

"मला काय तू नुकसानभरपाई देणार न्हाईस," तो शेवटी म्हणाला. "पण गल्लीत सांग. तुझ्या तोंडानं सांग."

सांगतो म्हणालो. उठताना विचारलं, "घरी येशील?"

"येतो की," तो म्हणाला. "पण चपला आत काढा म्हणून सांगणार कोण?"