बहिऱ्या बुरशीचे तीन आठवडे

काचेच्या नळ्यांवरची नावं मी शाईच्या पेनाने लिहिली आणि त्याच नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मुरबाडला आणल्या. अर्थात नावं धुऊन गेली. चाळिशी उलटल्यावर मी ज्या बाईंच्या हाताखाली पीएचडीला बसलो होतो, त्यांनी एका नळीत धड बुरशी दिली होती, दुसरीत तुलनेसाठी बहिरी. मी अंदाजाने एक उचलली आणि तीन आठवडे बहिरीच पाहत बसलो.

ही भगवी बुरशी आमच्याकडे परकी नाही. भाताच्या वाफ्यावर फांद्या, पाला टाकून राब भाजतात. त्यावर एखादी सर पडली की जळक्या ढलप्यांवर ती उगवते. तिचे बीजाणू फुटून बारीक तंतू निघतात. शेजारचे दोन तंतू एकमेकांकडे वळतात, भेटतात आणि एक होतात. एक इशारा सोडतो तेव्हा दुसरा ऐकतो. काही मिनिटांनी उलट. हे कोणीतरी नुकतंच दाखवलं होतं. बहिरीत या साखळीचा एक दुवाच नसतो. ती वाढते, पण शेजारून निघून जाते.

मी मुरबाडच्या कॉलेजात शिकवायचो, भाड्याच्या खोलीत एकटा. बायको उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर शिक्षिका. भेट रविवारी, तीही जमली तर. म्हसा गावच्या जत्रेत घोंगड्या बघताना ती म्हणाली होती, "मुरबाडकडं जागा निघालीय. बदलीचा अर्ज टाकू?"

"तुझ्या मनावर आहे," मी म्हटलं. मला तो माझा मोठेपणा वाटला होता.

मग तिने विषय काढला नाही, मीही नाही. शाळेमागच्या खडकावर रेंज यायची. ती पाच वाजता तिथे चढून फोन करायची.

"जेवलात?"

"हो. शाळेत पोरं आली होती?"

"आली होती."

मग फोनमध्ये नुसता तिकडचा वारा.

घरमालकीण मावशी माझा कुकर बघून म्हणायच्या, "मास्तर, रोज शिट्ट्या होतात, पन भाताचा वास नाय येत." कुकरमध्ये बुरशीचं खाणं शिजत असे. मी चहा-पावावर.

अखेर मी बाईंना फोन करून सांगितलं, तंतू भेटतच नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, दुसरी नळी लावून बघा."

लावली. शुक्रवारी दुपारी, कॉलेजातून आणलेल्या मायक्रोस्कोपखाली, दोन तंतू वाकले आणि जुळले. खोलीत दाखवायला कोणी नव्हतं. मावशींना बोलावलं. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं.

"दोन शेवया चिकटल्यात," त्या म्हणाल्या. "घरच्या बाईंना दाखवा की. आमाला काय दाखवता?"

अर्जाचा शेवटचा दिवस दुसऱ्याच दिवशी, शनिवारी होता. पाच वाजता फोन वाजला तेव्हा मी "जेवलात?"ची वाट पाहिली नाही.

"अर्ज टाक," मी म्हटलं. "मला इथे एकट्याला करमत नाही."

पलीकडे वाऱ्यात कागद फडफडला.

"जत्रेवरून आले त्याच दिवशी लिवून ठेवलाय," ती म्हणाली. "पिशवीत घालून तीन आठवडे हिंडतेय. उद्या सकाळच्या गाडीनं शहापूरच्या ऑफिसात जाऊन देते. आणि ऐका, तो बुरशीचा कुकर घासून ठेवा. नायतर त्यात मी भात नाय लावायची."