भोगीच्या भाजीत ब्रोकोली

सामान भरलेला टेम्पो पाथर्डीकडचं आमचं गाव सोडून निघाला तेव्हा माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, दावणीपाशी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. पुढे आले नाहीत. माझ्या नवऱ्याला नागापूरच्या एमआयडीसीत वर्कशॉपमध्ये काम लागलं होतं. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे मामा मागे एकटेच राहणार होते. टेम्पो हलल्यावर एवढंच म्हणाले, "जमलं तर ऱ्हावा. न्हाई जमलं तर घर हायेच."

जमलं. मलाही एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाजी निवडायचं, चिरायचं काम मिळालं. गावाकडे आमची भाजी म्हणजे वांगं, मेथी, शेपू. उन्हाळ्यात तेही नसलं की हुलग्याचं शेंगोळं. इथे पहिल्याच दिवशी पुढ्यात ब्रोकोली, झुकिनी आणि जांभळा कोबी यांचे क्रेट येऊन पडले. झुकिनीला काकडी समजून मी कच्चीच मीठ लावून खाल्ली, तेव्हा आचारी पोट धरून हसला होता. पण हळूहळू त्या चवी जिभेला ओळखीच्या झाल्या. गावी फोन केला की मात्र मी त्यातलं काही सांगत नसे. शहरात गेली आणि शिष्ट झाली, असं कुणी म्हणायला नको.

दोन वर्षांनी मामांच्या पायाची जखम भरेना म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं. शुगर निघाली. डॉक्टरांनी औषधं दिली आणि मला बजावलं, "भाकरी कमी, भाजी जास्त." आता हा माणूस जन्मभर तीन भाकरी आणि ठेचा यांवर जगलेला. मी कँटीनसारखी ब्रोकोली उकडून वाढली. मामांनी एक तुरा उचलून उजेडात धरला.

"सुरेखा, ही भाजी हाय का झाड?"

नवरा हसला. मामांनी ताट सरकवलं. "शेजारच्यांच्या शेळीला टाक."

मग मी लबाडी केली. झुकिनी किसून थालीपिठात घातली, ब्रोकोली वाटून पिठल्यात ढवळली. आठ दिवस मामा मिटक्या मारत जेवले आणि मी मनातल्या मनात खूश. नवव्या दिवशी शेजारच्यांच्या शेळीसाठी ते भाजीची देठं गोळा करायला गेले आणि बादलीत त्यांना ब्रोकोलीचे हिरवे बुंधे सापडले.

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते बुंधा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सांगितलं असतंस तर इख बी खाल्लं असतं तुज्या हातचं. पर फसवून का खाऊ घातलंस? आंधळा न्हाई झालो मी अजून." आणि पिशवी भरायला घेतली. जखम अजून ओली होती. तशात गावी गेले असते तर पाय वाचला नसता.

मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, "चुकलं माझं, मामा. आजपासून भाजी तुम्हीच आणायची. तुम्ही आणाल तेच शिजवीन."

मामांनी भरलेली पिशवी रिकामी केली. मग पायात चप्पल सरकवली.

बाजारात मी मुद्दाम मागे राहिले. मामा वांग्यांपाशी थांबले, पुढे गेले आणि ब्रोकोलीच्या ढिगापाशी परत आले. गड्डा उलटा केला, देठ नखाने खरवडून वास घेतला.

"हे तर कोबीच्या भावकीतलं हाय की!" ते भाजीवालीला म्हणाले. "कुठनं येतं?"

"राहुरीकडनं, बाबा."

मग पाणी किती, दिवस किती, कीड कुठली, सगळं विचारून झालं. ती बाई कंटाळली, मामा नाही. घरी येऊन त्यांनी मला चुलीपासून, म्हणजे गॅसपासून, बाजूला केलं. "उकडून खात्यात व्हय? लसूण दाव त्याला." लसूण, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचं कूट. त्या दिवशी त्यांनी एकच भाकरी खाल्ली आणि भाजी दोनदा मागून घेतली.

औषधं, पथ्य आणि रोजची भाजी यांनी तीन-चार महिन्यांत जखम भरली. मामा गावी परतले ते रोपांचा ट्रे मांडीवर घेऊन.

त्या भोगीला आम्ही गावी गेलो. भाजीत वांगं, गाजर, वाटाणा, हरभरा पडला आणि मामांनी स्वतःच्या वाफ्यातले हिरवे गड्डे माझ्यापुढे ठेवले. थोरल्या काकू, म्हणजे मामांच्या भावजय, चमकल्या. "भोगीला असलं काय चालतं व्हय?"

"आपल्या रानात पिकलं, ते भोगीला चालतं," मामा म्हणाले.

तीळ लावलेल्या भाकरीबरोबर भावकीतली तीस माणसं जेवली. पातेलं पुसून घेतलं काकूंनीच, आणि हात धुता धुता रोपं मागितली.

तोवर मला वाटायचं, गाव सोडलेली बाई गावात पाहुणीच होऊन जाते. सणाला यायचं, वाढलेलं खायचं, निघायचं. यंदा कँटीनमध्ये भाजी चिरत होते तेव्हा काकूंचा फोन आला. पलीकडे वारा वाहत होता, त्या वाफ्यातच उभ्या होत्या.

"सुरेखा, गड्डा मुठीएवढा झालाय. काढू का ऱ्हाऊ देऊ? लवकर सांग, कोयता हातात हाय."

"आठ दिवस राहू द्या," मी म्हटलं, "पण फुलायच्या आत काढा."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. ख्यालीखुशाली नाही, येशील कधी नाही. पाहुणीशी असं कुणी बोलत नाही.