तिबेरियस सहाणेवर

सापगावात धाकलूभाऊंना सगळे ‘रोमवाले’ म्हणतात. म्हणतात चिडवायला, पण भाऊ उलट खुलतात. जन्मभर नोकरी केली भातसानगरच्या धरणावर आणि डोक्यात मात्र रोमचे बादशहा! मुरबाडच्या नाणेघाटात दगडी रांजणापाशी कुणीतरी त्यांना सांगितलं, की कल्याण बंदरात उतरलेला रोमचा माल याच वाटेनं वर जायचा. तेव्हापासून हे खूळ. तांब्याची नाणी बरीच जमली. सोन्याचं एकच, निवृत्तीनंतर लिलावात घेतलेलं. त्यावर बादशहा तिबेरियस: डोक्यावर पानांचा मुकुट, लांब नाक, त्रासलेला चेहरा.

“एवड्यात माज्या पाटल्या झाल्या असत्या,” बायको जयाबाई म्हणाल्या.

“तुज्या पाटल्यांत भेसळ. हे बावनकशी हाय!” भाऊंनी ऐकवलं.

ही फुशारकीच त्यांना नडली.

लेक रुचिता बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला. बाळाच्या गुटीत सोन्याच्या अंगठीचे दोन वेढे उगाळायची घरची रीत. एका सकाळी भाऊ दूध घेऊन आले, तर जयाबाई ओटीवर सहाणेशी बसलेल्या. वेखंड, हळकुंड उगाळून झालेलं, आणि आता चिमटीत तिबेरियस.

दोन हजार वर्षं समुद्रातून, मातीतून सुखरूप आलेला चेहरा, आणि त्यांच्याच घरात सहाणेवर!

“अगो, काय केलंस हे!”

“वरडू नका, पोर निजलंय. बावनकशी हाय म्हणून तुमीच बोललाव ना? मग भेसळीची अंगठी घालू पोराच्या पोटात?”

भाऊंनी हात पुढे केला. जयाबाईंनी नाणं पदराला पुसून तळव्यावर ठेवलं. भाऊंचा बघायचा धीर होईना. शेवटी उजेडात धरलं. नाक जागेवर. मुकुटाचं पानन्‌पान जागेवर. मागच्या बाजूची बसलेली बाईही धड. फक्त कडेला नखाएवढी जागा चकाकत होती.

भाऊ मटकन खाली बसले आणि हसतच सुटले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलंही नाही. जीव भांड्यात पडला होता.

“नुसती कडच घासलीस?”

“मंग? तोंड कसं घासू?” जयाबाईंनी सहाणेवरची गुटी बोटावर घेतली. “बादशा असंल तुमचा. त्याला पन कुन्या आयेनं अशीच गुटी चाटवली असंल.”