येत नसेल तर डावा हात

सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा भरून ठेवायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं. आई भरलेल्या पिंपाची तोटी उघडते आणि सगळं पाणी मोरीत सोडून देते. का म्हणून विचारलं तर म्हणते, ‘वर्ग धुऊन काढायचाय.’ मग मी कळशी घेऊन शेजारी जाते. शेजारीण बिचारी देते, पण हल्ली दार उघडायला वेळ लावते. अशा दिवशी मी आईशी बोलत नाही. मी बोलत नाहीये हे तिच्या लक्षातही येत नाही, आणि त्याचा मला आणखी राग येतो.

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. शुक्रवार पेठेतली निम्मी कर्ती माणसं तिच्या हाताखाली बाराखडी गिरवून मोठी झाली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ पुण्यात. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आई माझ्या वाट्याला येणार हे कुणी न ठरवताच ठरलेलं होतं. एका दुकानदाराकडे हिशेबाचं काम करत होते. आई हजेरीपट म्हणून माझी पासबुकं काखेत मारून दुसऱ्यांदा रस्त्यावर सापडली, त्या दिवशी ते काम सोडलं.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. म्हणाले, औषधाने विसरण्याचा वेग कमी होईल, विसरणं थांबणार नाही. जी कागदपत्रं करायची ती त्यांना कळतंय तोवर करून घ्या. मी फोनवर भावाला सांगितलं, तर तो भडकला. ‘आई जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि तू निरवानिरवीच्या गोष्टी करतेस?’ धडधाकट म्हणजे काय, ते पुण्यात बसून फार छान दिसतं.

तरी मी मागे लागून बँकेतल्या खात्याला माझं नाव जोडलं, वारसाची नोंद करून घेतली. राहिला फक्त प्लॉट. आईने जुळे सोलापुरात पगारातून घेतलेला, एकटीच्या नावावरचा. तो विकायचा, पैसे तिच्याच नावाने ठेवायचे, त्यातून दिवसाची आणि रात्रीची अशा दोन बायका लावायच्या आणि मी पुन्हा कामावर जायचं. प्लॉट विकला जाणं म्हणजे माझी सुटका होती. हे मी तेव्हा कुणापुढे बोलले नाही, पण मनात दुसरं काही नव्हतं.

भाऊ म्हणाला, ‘घाई कशाला? मुखत्यारपत्र करून घे, मग सावकाश विकू.’ वकिलांनी मान हलवली. ज्या दिवशी आईंना व्यवहार कळेनासा होईल, त्या दिवशी ते मुखत्यारपत्रही संपलं, म्हणाले. तेव्हा आत्ताच खरेदीखत करा, त्या स्वतः येऊन हो म्हणतील तोवर. डॉक्टरांनी आईला तपासून दाखला दिला. सोप्या शब्दांत विचारलं तर तिला समजत होतं. गिऱ्हाईकही मिळालं, अक्कलकोटकडचे एक व्यापारी. इसार देऊन म्हणाले, ‘ताई, आमी उद्याबी तयार हाय की. तुमचं तुमी ठरवा.’

आम्ही ठरवलं. गणपती उठले होते, पितृपंधरवडा लागणार होता, आणि भावाला एकदम धर्म आठवला. पक्षात आईची मिळकत विकायची? वडिलांना काय वाटेल? घट बसले की करू. मी भांडले, रडले, फोन आपटला. पण त्याच्या संमतीशिवाय वकील पुढे सरकेनात, कारण उद्या त्यानेच हरकत घेतली तर निस्तरायचं कुणी? शेवटी सगळे थांबले. थांबायचं नाही, हे फक्त आईच्या डोक्याला माहीत होतं. सर्वपित्रीच्या आसपास एका सकाळी मी प्लॉटचा विषय काढला. ती म्हणाली, ‘कसला प्लॉट गं?’ आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

घट बसल्यावर भाऊ आला आणि त्याने आईची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. कागद कशाचा? खरेदीखत. काय विकताय? प्लॉट. पैसे मिळाले? मिळाले. कुणाची जबरदस्ती? नाही. आई पाढे म्हटल्यासारखी उत्तरं देत होती. भाऊ खूश. ‘उगाच घाबरवतेस,’ म्हणाला. तो चहा प्यायला उठला तेव्हा मी आईला मधलाच प्रश्न विचारला, ‘कुणाची जबरदस्ती आहे का?’ आई म्हणाली, ‘खरेदीखत.’ मी भावाला सांगितलं नाही. दस्त नोंदवणारे साहेब क्रमानेच विचारतील, असा मी स्वतःला धीर दिला.

इथे शाळेतली एक गोष्ट सांगायला हवी. मी आईच्याच वर्गात होते, आणि वर्गात तिला इतरांसारखं ‘बाई’ म्हणायचं असा तिचा दंडक होता. शाळा तपासायला साहेब येणार असले की ती आदल्या दिवशी आम्हाला बजावायची: प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. साहेबांना हातांचं रान दिसायचं आणि आई उजव्या हातवाल्यालाच उठवायची. एका वर्षी साहेबांनी स्वतःच बोट दाखवून मला उठवलं. माझा हात डावा. मी उभी राहिले. आई पुढे आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘साहेब, तिला बरं नाही. बसू द्या तिला.’ घरी आल्यावर पाठीत धपाटा मिळाला, पण वर्गात तिने मला उघडं पडू दिलं नाही.

निबंधक कार्यालयात आमचा नंबर सकाळचा होता, कारण सकाळी आई त्यातल्या त्यात ठीक असते. पण सर्व्हर बंद पडला. बाकावर बसून बसून दुपार झाली. आईने तीनदा विचारलं, शाळा कधी सुटणार. आत बोलावलं तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता. साहेब तरुण होते, बोलायला नरम. दस्त पुढे सरकवून म्हणाले, ‘आजी, हा कागद कशाचा आहे?’

आई उठून उभी राहिली. पदर नीट केला. आणि हात वर केला. डावा.

‘आई, सांग की,’ भाऊ कुजबुजला.

साहेबांना गंमत वाटली असावी. ‘हात खाली घ्या, आजी. प्लॉट विकताय ना? नुसतं हो म्हणा.’ व्यापारी, वकील, साक्षीदार, सगळे तिच्या ‘हो’ची वाट पाहत होते. एक ‘हो’ मिळाला असता तर मी परत माणसांत गेले असते. हात खाली येईना. आणि ती माझ्याकडे पाहत होती. वर्गातली एकटी मीच होते तिथे, तो हात वाचू शकणारी. मनात आलं, हात धरून खाली घ्यावा, कानात सांगावं, ‘हो म्हण.’ ती म्हणालीही असती.

मी उठले. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘साहेब, तिला येत नाही. बसू द्या तिला.’

साहेबांनी दस्त मिटून वकिलांकडे परत दिला. बाहेर आल्यावर भाऊ माझ्या अंगावर ओरडला, भर रस्त्यात. ‘गप्प बसायचं होतं ना तुला!’ मीही ओरडले, तुझा पंधरवडा घाल चुलीत म्हणाले. वकील म्हणाले, आता कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागेल, मग विक्रीची वेगळी परवानगी, किती वेळ लागेल सांगता येत नाही. व्यापाऱ्यांनी इसार परत घेतला आणि जाताना आईच्या पाया पडले. भाऊ संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेला. कोर्टासाठीचं त्याचं संमतीपत्र अजून यायचंय.

मी बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही. पिंप रिकामं दिसलं की वाटतं, मूर्ख आहेस, एका शब्दावर आयुष्य घालवलंस. आई अजून पुष्कळ जगेल, असं डॉक्टर म्हणतात. ते ऐकून मला रडू येतं, आणि ते कशाचं रडू आहे हे कुणाला सांगायची सोय नाही.

त्या दिवशी रिक्षात आई माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. एकदम वळून तिने विचारलं, ‘साहेब खूश होऊन गेले ना?’

‘हो, बाई,’ मी म्हणाले.