ड्रमच्या उजव्या हाताला

यज्ञेश्वर मुळे याच्याबरोबर मी आठ वर्षं एका स्टेजवर वाजवलं. तो बास गिटार वाजवायचा, मी अकॉर्डियन. तरी तो चहात साखर किती घ्यायचा हे मला सांगता येणार नाही. त्याच्या बायकोचं नाव नंदा होतं हे मी तो गेल्यावर, तेराव्याच्या पत्रावर वाचलं. आम्ही एकमेकांना शेवटपर्यंत ‘तुम्ही’ म्हणत राहिलो. तेव्हा मी लिहितो आहे त्यात चुका असतील. ज्यांना त्याच्याविषयी जास्त माहीत होतं त्यांनी लिहायला हवं होतं, पण त्यांतलं आता कुणी उरलं नाही.

मी साताऱ्याचा. १९७० साली तार ऑफिसात बदली होऊन बनारसला आलो आणि रामघाटावर खोली घेतली. तिथली मराठी माणसं चार-पाच पिढ्यांपासूनची, त्यांच्या बोलण्यात निम्मी हिंदी. त्यांच्यातल्या गोपीनाथ नावाच्या गायकाचा ऑर्केस्ट्रा होता. मला अकॉर्डियन येतं हे कळल्यावर त्यानं मला ओढून नेलं. तिथे ड्रमवर काशीनाथ होता, दिवसा छापखान्यात मशीन चालवणारा. त्याच्या शेजारी उभा राहायचा यज्ञेश्वर. नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, राहायला दुर्गाघाटावर. मला तो ‘तारबाबू’ म्हणायचा.

पहिल्यांदा मी पाहिला तो त्याचा उजवा हात. बोटांची मागची हाडं सुजून एक झालेली, वरची कातडी काळी आणि गाढवाच्या गुडघ्यासारखी जाड. त्या हातानं तो चार जाड तारा छेडायचा. इतक्या जोरात, की महिन्याला एखादी तुटायचीच. नव्या तारा कलकत्त्याहून मागवाव्या लागत. म्हणून जुन्या तारा पाण्यात उकळून मळ काढायचा आणि पुन्हा चढवायच्या, असं चाले. एकदा मी त्याच्या घरी असताना त्यानं त्या आईच्या सोवळ्यातल्या पातेल्यात उकळायला ठेवल्या. आई आली, तिनं पातेलं उचललं आणि खिडकीतून खाली रिकामं केलं. गल्लीतून जाणाऱ्या विष्णु पुजाऱ्याची मान भाजली. तो किंचाळत वर आला आणि त्यानं यज्ञेश्वरच्या तोंडात दोन भडकावल्या. यज्ञेश्वरनं उजवा हात डाव्या काखेत घालून दाबून धरला, आणि दोन्ही खाल्ल्या.

तो हात काखेत घालणं मी पुढे कितीतरी वेळा पाहिलं. आमची वाजवण्याची ठिकाणं तशीच होती. मिर्झापूरला एका लग्नात नवरदेवाच्या मामानं बंदुकीची नळी गोपीनाथच्या मानेला लावून एकच गाणं अकरा वेळा म्हणून घेतलं. मुगलसरायला मांडवाचा खांब बंदुकीच्या छऱ्यांनी फुटून ढोलकीवाल्याच्या खांद्यावर पडला. कुणी दारू पिऊन वर चढायचा, कुणी ढकलायचा, कुणी कॉलर धरायचा. यज्ञेश्वर मार खायचा आणि हात काखेत. मला तो भित्रा वाटायचा, माझ्यासारखाच. त्यामुळे मला त्याच्याजवळ उभं राहायला बरं वाटायचं.

आणखी एक गोष्ट मला दिसायची पण कळत नव्हती. इतर ऑर्केस्ट्रांत बासवाला ड्रमच्या झांजेकडे, म्हणजे ड्रमवाल्याच्या डाव्या बाजूला उभा राहतो. यज्ञेश्वर नेहमी उजवीकडे. त्याचा बक्सा, म्हणजे ज्यातून बासचा आवाज यायचा तो लाकडी स्पीकर, तोही उजवीकडेच. काशीनाथला जरा कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं. छापखान्यातल्या मशीनमुळे असेल असं मी धरून चाललो. विचारलं नाही.

खरी हकीकत मला काशीनाथनं फार उशिरा, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सांगितली. पण ती घडली आधी, म्हणून इथेच लिहितो.

दुर्गाघाटावर तेव्हा मुक्की खेळत. मुक्की म्हणजे नुसत्या मुठीची लढत, एका मोहल्ल्याची दुसऱ्या मोहल्ल्याशी. यज्ञेश्वरचे काका शिवराम मुळे तिचे उस्ताद. त्यांनी पुतण्याला आठव्या वर्षापासून तयार केला. रोज पहाटे घाटाच्या दगडी भिंतीवर दोनशे ठोसे, आधी गोणपाट बांधून, मग उघड्या मुठीनं. रक्त आलं की हळद आणि पुन्हा ठोसे. पोरगा रडला की काका त्याची मूठ स्वतः धरून भिंतीवर आपटत. “रडून घे,” ते म्हणत, “भिंत काय ऐकत नाही.” बाराव्या वर्षी तो मुठीनं नारळ फोडायचा.

एकोणिसाव्या वर्षी, बासष्ट साली, त्याच्यासमोर ब्रह्माघाटाकडून काशीनाथ उभा राहिला. तो तबला शिकत होता आणि मित्रांनी डिवचलं म्हणून उतरला होता. काकांनी शिकवलेला ठोसा एकच, समोरच्याच्या डाव्या कानावर. काशीनाथ खाली पडला आणि त्याच्या कानातून रक्त येऊ लागलं. लोक ओरडत होते. यज्ञेश्वरनं तो पडल्यावरही आणखी एक मारला. हे काशीनाथनं मला सांगताना दोनदा सांगितलं. “पडल्यावर मारला, तारबाबू. पडल्यावर.”

तो कान कायमचा गेला. एका कानानं तबला सुरात लावता येईना.

यज्ञेश्वर रोज काशीनाथच्या दारासमोर जाऊन उभा राहू लागला. काशीनाथच्या आईनं त्याच्या अंगावर खरकटं पाणी ओतलं, भावांनी त्याला पायऱ्यांवरून ढकलून दिला. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. अठराव्या दिवशी काशीनाथ दाराची आगळ घेऊन खाली आला आणि दमेपर्यंत त्याला पाठीवर, मांड्यांवर झोडपत राहिला. मग आगळ टाकून खाली बसला.

“आता काय, उद्या पण येणार?”

“येणार.”

“दिमाग खराब आहे तुझा. हे बघ, तुझा हात रिकामा राहिला तर दुसऱ्या कुणाचा तरी कान शोधेल. काहीतरी वाजव. आणि मूठ वळायची नाही. कध्धी नाही. ज्या दिवशी वळलीस त्या दिवशी तू माझा कुणी नाहीस.”

तबला सोडून काशीनाथ ड्रम शिकला. यज्ञेश्वरची बोटं साध्या गिटारवर बसेनात, एका बोटाखाली दोन तारा दबत. बासच्या तारा जाड आणि एकमेकींपासून लांब. शिवाय तो खालचा आवाज काशीनाथला उजव्या कानानं आणि बसायच्या स्टुलातून नीट कळायचा. यज्ञेश्वर त्याच्या उजवीकडे उभा राहिला तो असा. हात काखेत जायचा तोही मूठ वळू नये म्हणून. आम्ही त्याला भित्रा म्हणत होतो तेव्हा तो सतरा वर्षं शब्द पाळत होता.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत गाजीपूरच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात दुपारी वार्षिक समारंभ होता. सामान घेऊन टेंपोतून पुढे मी गेलो. स्टेज म्हणजे एकत्र बांधलेली तख्तं, आणि विजेचा बोर्ड एकच, ड्रमच्या डाव्या बाजूला. बासच्या बक्स्याची वायर आखूड होती. मी बक्सा डावीकडे ठेवला आणि तख्त हलत होतं म्हणून दोरीनं पक्का बांधून टाकला. चांगलं काम केलं असं मला वाटलं.

यज्ञेश्वर ड्यूटी करून धावतपळत आला. “तारबाबू, बक्सा इकडे का?”

“बोर्ड इकडे आहे. वायर पुरत नाही.”

त्यानं काशीनाथकडे पाहिलं. पोरं शिट्ट्या मारत होती. काशीनाथ म्हणाला, “राहू दे रे. दोन घंट्यांचा तर सवाल आहे.”

तिसऱ्या गाण्यात काशीनाथची लय सुटली. तो डावीकडे वळून वळून यज्ञेश्वरच्या हाताकडे बघत होता, बघून वाजवत होता, आणि प्रत्येक वेळी जरा उशिरा पडत होता. समोरून कुणी ओरडलं, “अबे, बहरे को काहे बैठाए हो?” हशा झाला. कॉलेजात पोरांचे दोन गट होते, त्यांना निमित्तच हवं होतं. आधी चपला आल्या. मग विटेचा तुकडा येऊन झांजेवर आदळला. गोपीनाथ हात जोडून माइकवर बोलू लागला, तर त्याच्या कपाळावर दुसरा तुकडा बसला आणि रक्त डोळ्यांत उतरलं. मी अकॉर्डियन पोटाशी धरून तख्ताच्या कडेला खाली बसलो.

मागच्या बाजूनं, डावीकडून, गळ्यात मफलर असलेला एक पोरगा सायकलची चेन घेऊन वर चढला. यज्ञेश्वर ओरडला, “काशी, मागे!” काशीनाथला ऐकू गेलं नाही. गेलेला कान त्या बाजूला होता. चेन त्याच्या मानेवर बसली. तो ड्रमवर पालथा पडला, एक ड्रम फुटला. पोरानं चेन पुन्हा वर नेली. या वेळी काशीनाथचा उजवा कान, चांगला कान, वर होता.

यज्ञेश्वरनं मारला.

बास त्याच्या गळ्यात होता, आवाज चालू होता. ठोशाच्या हिसक्यानं चारही तारा एकदम हलल्या आणि बक्स्यातून असा आवाज आला की समोरची गर्दी एक क्षण गप्प झाली. पोरगा सरळ खाली गेला. दुसरा धावून आला, त्यालाही एक. पुन्हा तोच आवाज. तिसऱ्याला मारला तेव्हा मी हाड मोडल्याचं ऐकलं. मला वाटलं त्या पोराचं, पण ते यज्ञेश्वरचं होतं. सतरा वर्षं भिंतीवर न आपटलेला हात मऊ पडला होता. तरी तो थांबला नाही. पहिला पोरगा उठू पाहत होता, त्याच्यावर वाकून मोडक्या हातानं त्याला मारत राहिला. प्रत्येक ठोशाला बक्सा गरजत होता. काशीनाथ ड्रमच्या मोडतोडीतून रांगत आला आणि त्यानं यज्ञेश्वरच्या पायाला मिठी मारली.

“यज्ञू! सोड! मूठ सोड!”

मूठ सुटेना. बोटं आतल्या आत अडकली होती. मी उठून वायर उपटली, एवढंच मी केलं. पोलीस आले तेव्हा पोराच्या डाव्या कानातून रक्त येऊन मफलरमध्ये मुरत होतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की पोरगा जगेल, पण कानाचा पडदा फाटला आहे. काशीनाथ मानेला पट्टी बांधून यज्ञेश्वरच्या खाटेपाशी गेला.

“पुन्हा कान? एवढ्या मोठ्या माणसात तुला पुन्हा कानच सापडला?”

“तुझा उजवा गेला असता.”

“गेला असता तर माझा गेला असता.”

नंतर तो व्हरांड्यात आला आणि मला सगळं सांगितलं. बक्सा मी डावीकडे ठेवला होता हे त्याला आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. तो बोलला नाही. मीही बोललो नाही.

आठवड्यानं त्या पोराचे काका आणि चुलतभाऊ, सहा जण, लाठ्या घेऊन दुर्गाघाटावर आले. लोकांनी दारं लावून घेतली. यज्ञेश्वर प्लास्टर घातलेला हात घेऊन आपणहून खाली उतरला. मी त्याच्याकडे आलो होतो, दाराच्या फटीतून पाहत होतो. पहिली लाठी गुडघ्यावर, मग पाठीवर, मग मोजता येईनात. बरगड्या मोडल्या. त्यानं डावा हातही वर केला नाही. शेवटी त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, “बस करो, ई त हाथे नहीं उठाता है.” ते गेले. समोरच्या छतावर काशीनाथ उभा होता. त्यानं सगळं पाहिलं आणि आत गेला.

त्यानंतर सहा वर्षं दोघं बोलले नाहीत. काशीनाथच्या उजवीकडे दुसरे बासवाले आले आणि गेले. यज्ञेश्वरची दोन बोटं कायमची ताठ राहिली. मूठ आता वळतच नव्हती, आणि तार छेडायला फक्त अंगठा उरला होता. तेवढ्यानं तो घरी वाजवायचा, बक्सा न लावता. गल्लीतून जाताना मला वर खिडकीत लाकडाची नुसती टकटक ऐकू यायची. मी वर जायचो नाही.

पंच्याऐंशीच्या गणेशोत्सवात ब्रह्माघाटावर आमचा कार्यक्रम ठरला. काशीनाथ मला म्हणाला, “हा नवा बासवाला घाई करतो. त्याला म्हणावं, बक्सा घेऊन ये.”

“कुणाला?”

“तारबाबू, डोकं फिरवू नका. त्यालाच.”

मी निरोप दिला. त्यानं खुंटीवरचा सदरा काढून घातला. मंडपात काशीनाथनं त्याच्याकडे न बघता काठीनं आपल्या उजवीकडची जागा दाखवली. बोर्ड त्या दिवशीही डावीकडेच होता. मी नवी लांब वायर आणली होती. ती मी मागून फिरवून लावली. यज्ञेश्वरनं पूर्ण कार्यक्रम अंगठ्यानं वाजवला. सूर मोजके होते, पण काशीनाथ एकदाही त्याच्याकडे वळला नाही. त्याला बघायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी बदलीवर झाशीला निघणार होतो. यज्ञेश्वर त्याच वर्षी थंडीत काविळीनं गेला, ते मला तिथे पत्रानं कळलं. त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं सामान आवरत होतो. गाजीपूरच्या रस्त्यावर मी बक्सा डावीकडे बांधला, त्याची माफी मागावी म्हणून मी त्याच्याजवळ गेलो.

“तारबाबू, ही लांब वायर कुणाची?” त्यानं विचारलं.

“माझी. नवी घेतली. वीस हात आहे.”

“गुंडाळताना पीळ देऊ नका. आतून तुटते.”

“बरं,” मी म्हणालो.